चाळिशीतला नवा विद्यार्थी

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्मा! दोहोंचा सूर एकच : आता नवे काही पाहायला नको, आहे तेच नीट दिसले तरी पुष्कळ. मीही दोन्ही चाळिशा लागलेला गृहस्थ. म्हणूनच रॉडरिक मॅकिनन या अमेरिकन शास्त्रज्ञाची हकीकत वाचली, तेव्हा मनातून जरा ओशाळलो.

वाचकहो, ही ओळ वाचताना तुमच्या डोळ्यांकडून मेंदूकडे विजेचे संदेश धावत आहेत. ही वीज तारेतली नव्हे. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पेशीच्या आतबाहेर करतात, त्यातून ती उपजते. पण पेशीचे आवरण स्निग्ध. त्यातून हे कण सहसा पार होत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची इवलीशी दारे असतात. १९५२ साली हॉजकिन आणि हक्स्ली या इंग्रज संशोधकांनी माकूळ या सागरी जीवाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून या ये-जा करण्याचे गणित मांडले. १९७६ साली नेहर आणि साकमान या जर्मनांनी एकेका दारातून वाहणारा प्रवाह मोजला. दार मात्र कोणी पाहिले नव्हते.

आणि त्या दाराचे एक कोडे होते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान. तरी पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियमचे कोट्यवधी कण सेकंदात निघून जातात, आणि सोडियमला मज्जाव! १०,००० पोटॅशियममागे एखादाच सोडियम आत शिरला तर शिरला. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तशातलाच प्रकार.

मॅकिनन मूळचे डॉक्टर. १९८२ साली पदवी घेऊन ते बोस्टनच्या रुग्णालयात काम करू लागले. पण मन रमेना. तिशीच्या उंबरठ्यावर, १९८६ साली, ते आपले जुने गुरू ख्रिस्तोफर मिलर यांच्या प्रयोगशाळेत परतले. विंचवाच्या विषातले एक द्रव्य पोटॅशियमच्या दाराच्या तोंडाशी बुचासारखे बसते. त्याच्या आधाराने त्यांनी दाराच्या रचनेचा माग काढला. पुढे हार्वर्डला अध्यापकी मिळाली, नाव झाले. इथे कोणीही स्वस्थ बसला असता.

पण अंधारात चाचपून हत्तीचे रूप किती कळणार? दार डोळ्यांनी पाहायचे, तर त्या प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडायला हवेत. ही विद्या मॅकिनन यांना येत नव्हती. आणि आवरणातल्या प्रथिनांचे स्फटिक करणे म्हणजे जाणत्यांनाही घाम फोडणारे काम. तरी ते ही विद्या श्रीगणेशापासून शिकू लागले, आणि १९९६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. पत्नी ॲलिस रसायनशास्त्रज्ञ. त्याही मदतीला प्रयोगशाळेत आल्या.

१९९८ साली मातीतल्या एका जिवाणूच्या पोटॅशियम-दाराचे चित्र जगापुढे आले, आणि कोडे सुटले. पाण्यातल्या आयनाभोवती जलकणांचा अंगरखा असतो. दारात शिरताना तो उतरवावा लागतो. आतल्या अरुंद वाटेवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले, की पोटॅशियमला तसाच नवा अंगरखा मिळतो. लहान सोडियमच्या अंगाला मात्र तो नीट बसत नाही. मग तो आपला जुना अंगरखा का सोडील? तो बाहेरच राहतो. द्वारपाल नाही, कुलूप नाही, केवळ माप!

२००३ साली मॅकिनन यांना पीटर आग्रे यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दारे आपल्यापासून दूर नाहीत. घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या डबीतली रक्तदाबाची ॲम्लोडिपिनची गोळी कॅल्शियमचे दार अडवते. दात काढण्यापूर्वीचे बधिरतेचे इंजेक्शन सोडियमचे. औषधे आधी सापडली. ती नेमकी कुठे जाऊन बसतात, हे दारे दिसू लागल्यावर उमगले.

असो. मोडी लिपी शिकायची, असे मी गेली पंधरा वर्षे घोकतो आहे. आजोबांची कागदपत्रे ट्रंकेत पडून आहेत. ‘आता या वयात?’ एवढेच माझे उत्तर. यंदा दिवाळीच्या खरेदीत मोडीचे पहिले पुस्तक आणले. मुलांना हसू आवरत नाही, आणि माझ्या ‘क’ला अजून वळण नाही. पण चाळिशी पुसून रोज एक पान गिरवतो.