मोर पाहून आल्यावर ताप आला तर

चांगला पाऊस झाला की बालाघाटाचे डोंगर हिरवे होतात आणि पाटोदा तालुक्याची वाट गजबजते. सौताड्याला विंचरणेचा धबधबा पाहायचा आणि जमलेच तर नायगावच्या मयूर अभयारण्यात मोर. १९९४ मध्ये घोषित झालेले हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे रान एरवी कोरडे, पानगळीचे. पण पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागते. मोर दिसेपर्यंत माणसे त्याच गवतात बसतात, डबाही तिथेच सोडतात.

गवतात साप असतो, हे सांगावे लागत नाही. चिगर नावाच्या किड्याची अळी मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती गोचिडीच्या गोतावळ्यातली, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. चावल्याचे कळतही नाही. तिच्यातून ‘स्क्रब टायफस’चे जंतू शरीरात शिरतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या आजाराने सैनिकांना हैराण केले होते. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलँडच्या वर्षावनातही तो आढळतो. पण त्याला घनदाट जंगलच लागते असे नाही. झुडपे, ओलसर गवत आणि उंदीर एवढे पुरते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे अनेक रुग्ण सापडले.

ताप येतो तो साधारण दहा-बारा दिवसांनी. तोवर सहल विसरलेली असते. डोके ठणकते, अंग मोडून येते, प्लेटलेट कमी होतात; मग डेंग्यूच समजून सलाइनवर दिवस जातात. खूण असते ती कपड्याआड. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनाखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत कपडे बाजूला सारून पाहणे राहून जाते. ही चूक महागात पडते. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदूपर्यंत आजार जातो. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिन देतात. काहींना खपली येतच नाही. म्हणून ताप आला की ‘पंधरवड्यापूर्वी रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्यांनीही.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पँट मोज्यात खोचावी, बसायला जाड सतरंजी न्यावी. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंग घासून आंघोळ करावी. अळी लगेच चावत नाही, काही वेळ अंगावर फिरते; तेवढ्यात ती धुऊन जाते.