गुरूवरच्या वादळांची राखण

गुरू पत्रिकेत कितव्या स्थानी आहे, याची चौकशी आपल्याकडे घरोघर होते. तो आकाशात कुठे आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. मलाही हा नाद उशिराच लागला, आणि तोही एका वादळामुळे.

३१ मे २०२०ची पहाट. दक्षिण आफ्रिकेतील सेंच्युरियन येथे क्लाइड फॉस्टर हे हौशी निरीक्षक आपल्या १४ इंची दुर्बिणीतून गुरूची छायाचित्रे घेत होते. दुर्बिणीला त्यांनी एक खास फिल्टर लावला होता. मिथेन वायू जो प्रकाश शोषून घेतो, तेवढाच हा फिल्टर आत सोडतो. त्यामुळे खोलवरचे ढग काळपट दिसतात आणि उंच चढलेला ढग तेवढा चमकतो. तांबड्या डागाच्या आग्नेयेला असाच एक ठिपका चमकत होता. काही तासांपूर्वी ऑस्ट्रेलियातून घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा मागमूस नव्हता. म्हणजे वादळ नुकतेच उफाळलेले!

योगायोग असा, की 'नासा'चे 'जुनो' यान दोनच दिवसांनी गुरूजवळून जाणार होते. यानाची एक फेरी तेव्हा सुमारे ५३ दिवसांची होती. एवढ्या अवधीत एखादे वादळ उठून विरलेही, तरी यानाला पत्ता लागायचा नाही. मोठ्या वेधशाळांमागे इतर शेकडो कामे. रात्रीमागून रात्री गुरूकडे डोळे लावून बसायची उसंत हौशी माणसालाच! या खेपेस मात्र 'जुनो'च्या कॅमेऱ्याने ते वादळ अगदी ताजे असताना टिपले. एप्रिल २०२१ मध्ये यानाने ते पुन्हा पाहिले, तेव्हा ते तांबड्या डागापासून दूर सरकले होते आणि चांगलेच पसरले होते.

'जुनो'ने पाठवलेल्या छायाचित्रांचा ढीग साचत गेला, तो उपसणार कोण? २०२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे काम सर्वांना खुले केले, आणि मीही संगणकापुढे बसलो. चित्रात भोवरा दिसला, की त्याभोवती लंबगोल काढायचा आणि रंग सांगायचा. ऐकायला सोपे! दहा-बारा चित्रांनंतर ढगांची प्रत्येक घडी भोवऱ्यासारखी दिसू लागते. एक लंबगोल तर मी तीनदा काढला आणि तीनदा पुसला. घरातून विचारणा झाली, ''सकाळपासून अंडी कसली काढताय?''

खरी धास्ती वेगळीच होती. माझ्या चुकीचा भोवरा शास्त्रज्ञांच्या यादीत जाऊन बसला तर? पण तेच चित्र अनेकांना दाखवले जाते, आणि अनेकांचे लंबगोल जिथे एकमेकांवर पडतात तेवढेच धरले जाते, हे कळल्यावर हात मोकळा झाला. पाच हजारांवर स्वयंसेवकांनी मिळून सात हजारांहून अधिक भोवरे नोंदवले. कुठल्या अक्षांशावर कोणत्या रंगाचे, केवढे भोवरे उठतात, हे त्यावरून पाहता येते. गुरूला ना डोंगर, ना किनारा. तिथले हवामान समजून घ्यायला असले भोवरेच हाताशी असतात.

माझे किती लंबगोल त्या यादीत टिकले आणि किती गळाले, ते मात्र कळायला मार्ग नाही.