बरसातीवरचे पत्रे

करोलबागेतल्या जुन्या घराची दुरुस्ती काढली की पहिला घाव बहुधा बरसातीवर पडतो. बरसाती म्हणजे दिल्लीच्या गच्चीवरची एकटी खोली, आधी भाडेकरूची, मग अडगळीची. तिच्यावर राखाडी, नागमोडी छप्पर असते. आपण त्याला सिमेंटचे पत्रे म्हणतो, दिल्लीकर ‘सीमेंट की चादर’ म्हणतात. ठेकेदार सांगतो, ‘‘दो घंटे का काम है जी.’’ दोन मजूर चढतात, घणाने पत्रे फोडतात आणि तुकडे गच्चीवरून खाली फेकतात.

दोन्ही भाषांतल्या नावांत अर्धीच गोष्ट आहे. या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतो, म्हणजे खडकातून निघणारे तंतू. हे तंतू सिमेंटमध्ये कालवून हलका, टिकाऊ पत्रा करण्याची कृती १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लुडविग हाटशेक यांनी शोधली. चिखलात गवत-काडी तुडवून भिंत लिंपतात, त्यातलीच ही युक्ती. पण काडी मोडते. हा तंतू मोडण्याऐवजी उभा चिरत जातो, केसाच्या शेकडो पटींनी बारीक होईपर्यंत.

घोटाळा इथेच आहे. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी धुळीचा कण गिळून टाकतात. पण पेशीइतकाच किंवा तिच्याहून लांब तंतू आला, की घास तोंडात अडकावा तशी तिची गत होते. आपली जहाल रसायने ती आसपास ओकत राहते. तंतू विरघळत नाही, दाह वर्षानुवर्षे चालतो. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसतो, तेव्हा ती बरसाती कुणाला आठवतही नाही. १९६५ मध्ये लंडनमधल्या रुग्णांच्या एका पाहणीत तर ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेल्या बायका सापडल्या. त्यांनी फक्त अशा कारखान्यात राबणाऱ्या घरच्या माणसाचे कपडे धुतले होते.

भारताचे वागणे मोठे गमतीचे आहे. गुजरातेत अलंगला तोडायला निघालेली ‘क्लेमान्सो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉसवरून वाद पेटल्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये परत फिरली. टाकाऊ ॲस्बेस्टॉस आयात करायला आपल्याकडे बंदी आहे. कोरे मात्र रशिया, कझाकस्तान, ब्राझीलहून जहाजे भरून येते आणि पत्रे राजरोस विकले जातात. फ्रान्सने ते १९९७ मध्येच बंद केले.

हिवाळ्यात हवा बिघडली की दिल्लीत तोडफोड थांबवतात. पण चौकाचौकांतली हवामापक यंत्रे धुळीचे वजन करतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. वजनाच्या काट्यावर ते जवळपास नसल्यासारखेच.

मग करायचे काय? पत्रा धड असेल, माकडांनी उड्या मारून तडकवला नसेल, तर त्याला हात न लावणे उत्तम. तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. डोळ्यांनी ओळखायचा प्रयत्न करू नये. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. काढायचाच झाला तर आधी पाण्याने भिजवावा, बोल्ट सोडवून अख्खा दोराने उतरवावा. ग्राइंडर नको, कोरडा झाडू नको. पत्र्यावर पायही देऊ नये, कारण जुना पत्रा माणसासकट खाली येतो. मजुराच्या तोंडावरचा गमछा हे तंतू अडवत नाही. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून मलब्यापासून वेगळे ठेवावेत. बुराडीच्या प्रकल्पात २००९ पासून शहराचा मलबा भरडून त्याची वाळू आणि फरशा करतात. त्या भरडीत पत्रा गेला, तर घणाने अर्धवट राहिलेले काम यंत्र पुरे करते.

अख्ख्या पत्र्याला कबाडी पैसे देतो, फुटक्याला नाही. म्हणून काही ठेकेदार तो जपून उतरवतातही. मग तोच पत्रा यमुनेपलीकडच्या एखाद्या खोलीवर चढतो, आणि जुनी भोके नव्या वाशांशी जुळत नाहीत म्हणून कुणीतरी ड्रिल मागवतो.