कुटकी : कडू मुळाची मात्रा

मंडळी, आता कुटकीकडे वळू. आपल्या जाफराबादच्या मातीत ही होत नाही; ती उंच हिमालयातली. आपल्याकडे येतं ते वाळलेलं मूळ. तिच्याच जातकुळीतलं मूळ चिनी वैद्यकातही वापरतात.

चरकांनी कुटकीला भेदनीय गणात घातलंय, म्हणजे साचलेला मळ फोडून बाहेर काढणारी. आम्ही मूळ निवडतो, माती झटकतो, कुटून वस्त्रगाळ चूर्ण करतो. मात्रा साधारण १ ते ३ ग्रॅम, मधातून किंवा कोमट पाण्यातून. 'कडू तेवढं गुणाचं' म्हणून जास्त घेतली, तर जुलाब लागतात.

आणि कावीळ झाली म्हणून नुसत्या पुडीवर बसायचं नाही. आधी रक्त तपासायचं, कावीळ कशाची ते कळू द्यायचं. मगच वैद्य ठरवतील ती मात्रा. गरोदर बाईला तर आपल्या मनाने देऊच नये.