खुराक ठाऊक आहे, पण पोटात जात नाही



ऊस विकास अधिकाऱ्याने पैलवानांच्या खुराकावर का लिहावे, असे कोणी विचारील. पाचट जाळू नका, हे सांगत आम्ही गावोगाव हिंडलो. सभेत माना डोलल्या, चहा झाला, आणि रात्री परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाचट पेटलेले दिसले. ज्या शिवारात एकाने पाचट ठेवून दाखवले, तिथे मात्र पुढच्या वर्षी शेजाऱ्यानेही ठेवले. तालमीत आम्हाला हेच पुन्हा पाहायला मिळाले.

गेल्या वर्षी एका सभासदाचा मुलगा, वय सोळा, निवड चाचणीआधी वजनगटात बसण्यासाठी दिवसभर उपाशी राहिला. पाण्याचा घोटही घेतला नाही. वजन बसले, पण पहिल्याच कुस्तीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन पोरगा खाली बसला. सलाईन लावावे लागले. "भरपूर खा, पण वजन वाढू देऊ नको," असा दुतोंडी उपदेश त्याला करणाऱ्यांत आम्हीही होतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटात विनेश फोगट अंतिम कुस्तीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. तिथे ही गत, तर गावच्या पोराचे काय!

आम्ही आधी तक्ताच लावला. कसून मेहनत करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ७० किलोच्या पैलवानाला ८४ ते १४० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८. पोरांनी तक्ता पाठ केला आणि मेहनत झाल्यावर सगळी स्टँडवर वडापाव खायला गेली. विचारले तर एक जण म्हणाला, "साहेब, समदं ठाऊक हाय. पर सात-चाळीसची यष्टी गाठायची, का घरी जाऊन हरभरं चावत बसायचं?"

त्याचे खरे होते. खोट ज्ञानात नव्हती, जागेत आणि वेळेत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. बायकांनी काळीज, गुर्दा असले न रुचणारे मांस रांधावे, अशी सरकारची इच्छा. मूळचे जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी काही गटांना नुसते व्याख्यान दिले, तर काही गटांत बायकांनाच आपसात चर्चा करून हात वर करायला लावले. पूर्वी कधी न केलेले मांस पुढे घरी करणाऱ्या निघाल्या व्याख्यानवाल्यांत ३ टक्के, चर्चावाल्यांत ३२ टक्के. हे वाचल्यावर आमची गावोगावची भाषणे आठवली आणि जरा ओशाळल्यासारखे झाले.

मग वस्तादांना मध्ये घेऊन पोरांनाच बसवले. त्यांनीच ठरवले: संध्याकाळी जो शेवटी जाईल त्याने हरभरे भिजत घालायचे, आणि सकाळी हौद्यातून बाहेर आल्यावर अंगाची माती झाडली की पहिला हात त्या पातेल्यात. लंगोट वाळत घालतात त्याच दोरीखाली पातेले, शेजारी केळी. शेतकी ऑफिसातला जुना वजनकाटाही तालमीत नेऊन ठेवला. दर सोमवारी वजन, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या रात्री धावपळ नको.

दुधाचे अवघड होते. घरात दोन-दोन म्हशी, पण दूध जाते डेअरीला, कारण दहा दिवसांच्या बिलावर घर चालते. उरले तर पोराला. आणि उरत नाही! म्हणून आम्ही घरोघर एवढेच म्हणालो, की किटली भरण्याआधी अर्ध्या लिटरचे मापटे बाजूला काढा, मग उरलेले घाला. उसाच्या बिलातून ठेव कापली जाते तसेच. हाती आले नाही म्हणजे खर्चही होत नाही. (कपातीबद्दल सभासदांची मते आम्हाला ठाऊक आहेत, तो विषय वार्षिक सभेत.) काही घरांत हे टिकले, काही घरांत आठवड्यात बंद पडले. एका माउलीने आम्हाला सुनावले, "मापटं काढते साहेब, पर पेंडीचं पैसं तुम्ही देनार का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस, असा हिशोब त्यात निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सगळे वाया जात नाही, हेही दिसले. आमच्या तालमीत यात्रांची मैदाने लागली आणि घडी विस्कटली. पोरे रात्री उशिरा परतायची, पातेले भरलेले तसेच राहायचे. वस्तादांनी ते हरभरे दोनदा म्हशीला घातले. यात्रा संपल्यावर पातेले पुन्हा दोरीखाली आले.

तो चक्कर आलेला मुलगा आता सोमवारचे वजन वहीत स्वतः मांडतो. यंदा त्याने वरच्या वजनगटात उतरायचे ठरवले आहे. वडिलांना ते पसंत नाही. वरच्या गटात पोरे दांडगी असतात, असे त्यांचे म्हणणे. वस्ताद म्हणतात, "उतरू दे. पोटभर जेवून हरला तर हरला."