तोडलेल्या उसातली साखर
थंडीत दिल्लीहून मेरठ-बागपतकडे निघालं की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. पानांत तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, रसवाहिन्यांतून कांड्यांत उतरते. शेंड्याची कोवळी कांडी चावून पाहा, पानचट लागेल. तिथे इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज करतं आणि ते वाढीत खर्ची पडतं. बुडख्याकडे मात्र साखर साठते. ऊस तोडला तरी इन्व्हर्टेज थांबत नाही. सुक्रोज फुटत राहतं. फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. कर्नालच्या ऊस संशोधन केंद्रातल्या को 0238 वाणाने उत्तरेतला साखर-उतारा वाढवला खरा, पण रांगेत ट्रॉली अडकली की त्या कमाईला गळती लागते. तोडणी ते गाळप हा वेळ कमी करणं मला नव्या वाणाइतकंच तातडीचं वाटतं.