शुक्रवार नेमका कुणाचा?

गेल्या महिन्यात माझा सॉलिड पोपट झाला! एका लेखाचं मानधन अडकलं होतं आणि तिकडून मेल आला, ‘द अकाउंटंट सेड ऑन फ्रायडे द चेक वुड बी रेडी.’ झालं! शुक्रवारी भर उन्हात, लोकल बदलून पोचले. काउंटरवरचे काका थंडपणे म्हणाले, ‘‘अहो मॅडम, शुक्रवारी साहेब तसं म्हणाले. चेक अजून सहीला गेलेला नाही.’’ इकडे घरभाड्याची तारीख डोक्यावर!

गंमत म्हणजे मेल लिहिणारी चुकली नव्हती. तो ‘ऑन फ्रायडे’ दोन क्रियापदांच्या मधोमध उभा. ‘सेड’चाही होतो आणि ‘वुड बी’चाही. मराठीत आपण ‘शुक्रवारी म्हणाले की...’ असं लिहितो. तो ‘की’ मध्ये भिंत घालतो. इंग्रजीत हेच काम ‘दॅट’ करतो, पण घाईत आपण सगळेच तो खाऊन टाकतो. ‘सेड दॅट ऑन फ्रायडे’ की ‘सेड ऑन फ्रायडे दॅट’, एवढं कळलं असतं तर माझी दुपार वाचली असती ना!

तेव्हापासून स्वतःचे मेल्स तपासायचा नादच लागलाय. आपल्या डोक्यात आधी वेळ येते, मग जागा: ‘मी काल कॅन्टीनमध्ये बॉसला भेटले.’ इंग्रजीत ही रांग सहसा उलटी: ‘आय मेट माय बॉस इन द कॅन्टीन यस्टरडे.’ ‘यस्टरडे’ अगदी सुरुवातीला टाकलात तरी चालतं. पण ‘आय मेट यस्टरडे माय बॉस’? नाही चालत! क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये कुणी घुसलेलं इंग्रजीला खपत नाही. (लोकलमधली चौथी सीट नव्हे ती!) घड्याळाचंही तसंच. आपण ‘सोमवारी सकाळी दहाला’ म्हणतो, मोठ्याकडून लहानाकडे. इंग्रजी निघते दहापासून: ‘अ‍ॅट टेन ऑन मंडे मॉर्निंग.’

जर्मन शिकणारी माझी मैत्रीण मात्र खूश आहे. तिकडे ‘मी जाते आज बर्लिनला’ असाच क्रम, म्हणजे वेळ आधी, जागा नंतर. अगदी घरच्यासारखं!

मी त्या ऑफिसला उलट मेल टाकला, ‘विल द चेक बी रेडी अ‍ॅट युवर ऑफिस ऑन फ्रायडे?’ जागा आधी, वेळ नंतर, एकदम परफेक्ट! उत्तर आलं, ‘यस.’ कुठल्या शुक्रवारी, ते आता फोन करूनच विचारणार आहे.